ढेकर मोजायची कशी: गोठ्यातल्या मिथेनचा हिशेब

एखाद्या अहवालात दुभत्या गायीपुढे ‘रोज ३२० ग्रॅम मिथेन’ असं लिहिलेलं दिसलं, की आधी विचारावं: हा आकडा मोजलाय की गणिताने काढलाय? मोजला असेल तर लगेच दुसरा प्रश्न, त्या दिवशी तिने खाल्लं किती? दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर पहिल्या आकड्याचं काय लोणचं घालायचं?

मिथेन ओळखणारी यंत्रं आता बरीच चांगली झाली आहेत. हवेतले दहा लाखांमागे दोन-चार भाग इकडचे तिकडे झाले तरी इन्फ्रारेड अॅनालायझर सांगतो. हिशेब बिघडतो तो त्याच्या आसपास: किती हवा ओढली, किती चारा पोटात गेला आणि दिवसाच्या कुठल्या वेळी नमुना घेतला. म्हणून पुढे गॅसपेक्षा हवा आणि चारा यांच्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

वायू निघतो कुठून

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबतो. तंतुमय वैरण फुटताना अॅसिटेट तयार होतं आणि सोबत हायड्रोजन सुटतो. तो साचत गेला तर आंबण्याची क्रियाच मंदावते. तिथले आर्किया नावाचे सूक्ष्मजीव चार रेणू हायड्रोजन आणि एक रेणू कार्बन डायऑक्साइड घेऊन एक रेणू मिथेन आणि दोन रेणू पाणी बनवतात. आंबोणातल्या स्टार्चपासून प्रोपिओनेट जास्त होतं आणि ते होताना हायड्रोजन खर्ची पडतो. त्यामुळे दाणा भरपूर असेल तर खाल्लेल्या किलोमागे मिथेन कमी, नुसत्या वाळल्या वैरणीवर जास्त.

मोजणाऱ्याच्या कामाची गोष्ट अशी, की हा जवळपास सगळा वायू तोंडानाकातून बाहेर पडतो. मोठ्या आतड्यातही थोडा तयार होतो, पण त्यातलाही बहुतेक रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे येतो. मागच्या बाजूने जातो तो अगदीच किरकोळ. गायीच्या पादण्यावरचे विनोद करमणुकीपुरते ठीक. नळी मात्र नाकपुडीजवळ लावायची. आणि हा वायू नळाच्या पाण्यासारखा एकसारखा वाहत नाही. मिनिटा-दीड मिनिटाने एखादी ढेकर येते. खाणं झाल्यावर प्रमाण चढतं आणि सकाळचा चारा पडण्याआधी सगळ्यात खाली असतं. सकाळी एकदा आणि तोही दहा मिनिटं मोजून दिवसभराचा आकडा सांगणारा माणूस दिवसाच्या तळाला २४ तासांनी गुणत असतो.

न मोजता काढलेला आकडा

देशांच्या अधिकृत नोंदी बहुतेक गणितावरच चालतात. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या, २००६ च्या मार्गदर्शक सूचना आणि २०१९ ची त्यांची सुधारणा यांत तीन पायऱ्या दिल्या आहेत. पहिलीत जनावरांची संख्या तयार गुणकाने गुणायची. दुसरीत जनावराचं वजन, दूध, वाढ, गाभणपण आणि चाऱ्याची पचनीयता यांवरून त्याने किती ऊर्जा खाल्ली ते काढायचं आणि त्यातला ठरावीक टक्का मिथेनमध्ये गेला असं धरायचं. तिसरी पायरी म्हणजे त्या भागातल्या प्रत्यक्ष मोजण्यांवर बसवलेलं स्वतःचं मॉडेल.

दुसऱ्या पायरीचं गणित हातावर करता येतं. समजा गाय रोज १५ किलो शुष्क पदार्थ खाते, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं ते. एका किलो शुष्क पदार्थात साधारण १८.४५ मेगाज्यूल ऊर्जा धरतात, तेव्हा रोजची ऊर्जा झाली २७६.७५ मेगाज्यूल. त्यातला मिथेनमध्ये जाणारा टक्का, म्हणजे सगळे ज्याला ‘वायएम’ म्हणतात तो, ६.५ धरू. १७.९९ मेगाज्यूल मिथेनच्या रूपात गेले. एका किलो मिथेनमध्ये ५५.६५ मेगाज्यूल असतात, म्हणून रोजचा मिथेन ०.३२३ किलो, वर्षाचा ११८ किलो. वरचा ‘३२० ग्रॅम’ बहुधा असाच आलेला असतो.

२००६ च्या सूचनांमध्ये हा ६.५ चा टक्का एक टक्का वर किंवा खाली होऊ शकतो असं सांगितलेलं आहे. म्हणजे ५.५ ते ७.५. नुसत्या त्या एका आकड्याने वर्षाचा मिथेन १०० ते १३६ किलोंच्या मध्ये कुठेही जातो. अशा गणिताने नवीन खाद्यपूरकाचा दहा टक्के फायदा सिद्ध करायला जाऊ नये. टक्का आपणच घातलाय. फायदाही आपणच घातल्यासारखा होतो.

आता त्या १५ किलोंकडे येऊ, कारण सगळ्यात हळवा आकडा तोच. गव्हाणीत टाकला तो चारा खाल्ला असं धरायचं नाही. टाकलेला वजा उरलेला, आणि दोन्ही सुकवून. हिरव्या चाऱ्यात ८० टक्के पाणी असेल तर ४० किलोंत ८ किलो शुष्क पदार्थ आहे. दोन दिवस ऊन पडून पाणी ७५ टक्क्यांवर आलं, की त्याच ४० किलोंत १० किलो. काट्यावर काहीच बदललेलं नाही, आणि मिथेनच्या हिशेबात मात्र रोजचे ४३ ग्रॅम बदलले. म्हणून ओलावा आठवड्यातून एकदा तपासून भागत नाही. मोजणीच्या दिवसांत रोज नमुना काढायचा. गंजीच्या किंवा खड्ड्याच्या चार-पाच ठिकाणांहून मूठमूठ घेऊन मिसळायचं, त्यातला दोन-तीनशे ग्रॅमचा भाग वजन करून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा. तोच नमुना पुढे रासायनिक तपासणीला जाणार असेल तर ६० ते ६५ अंशांवर ४८ तास. मुरघासाच्या बाबतीत १०५ अंशांवर आम्लं आणि अल्कोहोलही उडून जातात आणि शुष्क पदार्थ आहे त्यापेक्षा कमी दिसतो, हे लक्षात ठेवून दुरुस्ती करावी लागते.

उरलेला चाराही टाकलेल्यासारखा नसतो. जनावर निवडून खातं: पानं आधी, दाणा आधी, जाड धांडे शेवटी. उष्ट्याचा नमुना वेगळा तपासला नाही तर गायीने खाल्लेल्या खुराकाची जी प्रत कागदावर येते ती प्रत्यक्षापेक्षा हलकी असते.

बंद खोली

जनावराला हवाबंद खोलीत ठेवून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासणं ही सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची पद्धत. बाकीच्या पद्धती हिच्याशी ताडून पाहतात. खोलीच्या भिंती पारदर्शक ठेवतात, कारण शेजारची गाय दिसली नाही तर आतली खाणं सोडते. हवा आत ढकलत नाहीत, बाहेरून पंख्याने ओढतात. त्यामुळे आत दाब किंचित कमी राहतो आणि फट राहिलीच तर बाहेरची हवा आत येते, आतला मिथेन बाहेर निसटत नाही. शेणमुताच्या नाल्याला पाण्याची अडवण लागते; ती सुकली की तिथूनही हवा येते.

आकडेमोड पाहा. मिनिटाला १००० लिटर हवा ओढली जाते आहे. आत येणाऱ्या हवेत मिथेन २ पीपीएम, म्हणजे दहा लाखांमागे २ भाग, बाहेर जाणाऱ्यात ३००. फरक २९८ पीपीएम, म्हणजे मिनिटाला ०.२९८ लिटर, दिवसाला ४२९ लिटर. शून्य अंश आणि एक वातावरण दाबाला एक लिटर मिथेन ०.७१६ ग्रॅम भरतो, म्हणजे दिवसाचे सुमारे ३०७ ग्रॅम.

या शेवटच्या वाक्यातली ‘शून्य अंश’ ही अट विसरली जाते. प्रवाहमापक जर खोलीच्या तापमानाचे लिटर दाखवत असेल आणि हवा ३० अंशांवर असेल, तर तेच १००० लिटर शून्य अंशाला ९०१ भरतात. दुरुस्ती न करता गुणाकार केला की मिथेन ११ टक्के जास्त दिसतो. खाद्यातल्या कित्येक बदलांचा खरा परिणाम एवढाच असतो. काही मापक ही दुरुस्ती स्वतःच करून आकडा देतात. मग वहीत पुन्हा केली की चूक उलट्या बाजूला. मापकाची पुस्तिका एकदा नीट वाचून तो कुठले लिटर दाखवतो ते भिंतीवर लिहून ठेवावं.

दुसरी चोर जागा म्हणजे वाफ. गाय श्वासातून भरपूर पाणी सोडते. ओल्या हवेत दोन-तीन टक्के जागा वाफच घेत असेल तर मिथेन तेवढा पातळ दिसतो. नमुन्याची हवा अॅनालायझरआधी सुकवायची आणि प्रवाहही कोरड्या हवेचा धरायचा. एक कोरडा आणि एक ओला असं चालत नाही.

खोली खरं बोलते की नाही हे पाहायला आत जनावर नसताना शुद्ध मिथेन सोडतात. सिलिंडर काट्यावर ठेवायचं, काही तासांत ठरावीक ग्रॅम हळूहळू सोडायचे आणि यंत्राने किती पकडले ते पाहायचं. ९५ ते १०५ टक्क्यांत आलं तर पुढे जायचं. ८८ आलं तर सगळ्या आकड्यांना ०.८८ ने भागून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं करू नये. गळती कुठे आहे ते माहीत नसताना तो आकडा उद्या ८८ राहील याची हमी कोण देणार? दाराचं रबर, नाल्याची अडवण, नमुन्याच्या नळीचे जोड या क्रमाने पाहत जावं. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या जागीच सापडतं. एकच अॅनालायझर आळीपाळीने चार खोल्यांची हवा तपासत असेल तर आणखी एक शक्यता असते: व्हॉल्व्ह फिरल्यावर नळीतली आधीच्या खोलीची हवा पूर्ण निघून जायच्या आतच नोंद घेतली जाते. ताज्या हवेची नोंद २ पीपीएमऐवजी २० दाखवत असेल तर हेच झालेलं असतं.

धार काढायला दार उघडलं की किती वेळची नोंद टाकून द्यायची, याचंही गणित आहे. खोली २० घनमीटरची आणि प्रवाह मिनिटाला १ घनमीटर, म्हणजे २० मिनिटांचा एक काळ. हवा ९५ टक्के स्थिरावायला असे तीन काळ लागतात. दार बंद केल्यावर तासभराची नोंद बाजूला ठेवायची. दिवसातून दोन धारा म्हणजे दोन तास गेले. त्या जागी दिवसाची सरासरी भरतात. धार आणि चारा एकाच वेळी असेल तर ही सरासरी कमी पडते, म्हणून शक्यतो दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात.

जनावराची तयारी यंत्रापेक्षा जास्त वेळ खाते. नवीन खुराकावर किमान दोन आठवडे, खोलीची सवय व्हायला आणखी काही दिवस, आणि मग दोन-तीन दिवसांची मोजणी. तरीही बऱ्याच गायी आत थोडं कमीच खातात. म्हणून खोलीतला निकाल रोजच्या ग्रॅममध्ये सांगण्यापेक्षा खाल्लेल्या किलो शुष्क पदार्थामागे सांगावा. वरच्या गणितातल्या गायीचा तो २१.५ ग्रॅम येतो. गायींच्या मोजण्यांत २० च्या आसपासचे आकडे नेहमीचे. कुठे १० किंवा ३५ दिसले तर आधी ओव्हन आणि काटा तपासायचा.

चरणारी गाय आणि पितळी नळकांडं

खोलीत चराऊ कुरण बसत नाही. त्यासाठी १९९४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी सल्फर हेक्साफ्लोराइड ट्रेसर, म्हणजे माग काढणारा वायू, म्हणून वापरायची युक्ती काढली. हा वायू पोटात तयार होत नाही, पचत नाही, आणि अगदी थोडा असला तरी मोजता येतो. तो ठाऊक असलेल्या वेगाने कोटीपोटात सोडायचा आणि श्वासात मिथेन त्याच्या किती पट आहे ते पाहायचं. ढेकर कितीही पातळ झाली तरी दोन्ही सारखेच पातळ होतात, म्हणून हवेचा प्रवाह मोजायची गरजच उरत नाही. कल्पना देखणी आहे. कष्ट सगळे तपशिलात.

बोटाएवढं पितळी नळकांडं, एका टोकाला टेफ्लॉनची चकती, तिच्यावर सच्छिद्र पोलादी गाळणी आणि वरून घट्ट नट. नळकांडं द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गार करतात, मग आत सोडलेला वायू गोठून बसतो. पटकन चकती-नट लावून वजन करायचं. नंतर ही नळकांडी ३९ अंशांवर, म्हणजे गायीच्या पोटाच्या तापमानाला, कोरड्या जागी ठेवून दर आठवड्याला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलतात. दिवसाला ५ मिलिग्रॅम झिरपत असेल तर आठवड्याला ३५ मिलिग्रॅम घट दिसली पाहिजे, तीही सहा ते दहा आठवडे एका सरळ रेषेत. ज्याची रेषा वाकते ते नळकांडं बाद. एकदा पोटात गेलं की ते परत तोलता येत नाही, म्हणून इथे दयामाया नको. आणि ही रेषा कायम सरळ राहत नाही. महिने गेले तसा वेग हळूहळू उतरतो. गेल्या वर्षीच्या वेगावर या वर्षीची मोजणी केली की मिथेन जास्त दिसतो.

गायीच्या गळ्यात पीव्हीसीचा दोनेक लिटरचा पोकळ जू असतो, आतली हवा काढून टाकलेला. त्यातून बारीक पोलादी नळी नाकपुडीवर येते. नळी एका जागी पक्कडीने इतकी दाबलेली असते, की २४ तासांत जू साधारण अर्धाच भरावा. अर्धाच का? आतला दाब बाहेरच्याच्या निम्म्याखाली असेपर्यंत हवा एकाच वेगाने शिरते. त्यापुढे वेग मंदावतो, मग रात्रीच्या ढेकरा पुसट नोंदल्या जातात आणि संध्याकाळच्या ठळक.

सकाळी जू उतरवला की आधी दाब पाहायचा. पूर्ण वातावरणाएवढा असेल तर कुठे तरी गळतंय. जवळपास निर्वातच असेल तर नळी चारा, लाळ किंवा पाण्याने बंद पडली. दोन्ही नमुने फेकून द्यायचे. थोडं आलंय तर चालवून घेऊ, हे इथे महागात पडतं. चांगल्या नमुन्यात शुद्ध नायट्रोजन भरून दाब वातावरणाच्या वर नेतात आणि मग गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, देतात. मिथेनला एक डिटेक्टर, ट्रेसरला दुसरा.

गणित: नळकांड्याचा वेग दिवसाला ५ मिलिग्रॅम. नमुन्यात मिथेन ६२ पीपीएम, परिसरात २, निव्वळ ६०. ट्रेसर नमुन्यात ११२ पीपीटी (लाख कोटींमागे ११२ भाग), परिसरात १२, निव्वळ १००. दोन्हींचं गुणोत्तर सहा लाख. रेणुभार १६ आणि १४६, म्हणून १६ भागिले १४६ ने गुणायचं आणि मग ५ मिलिग्रॅमने. उत्तर ३२९ ग्रॅम.

परिसराचा नमुना हा या पद्धतीचा खरा डोकेदुखीचा भाग. उघड्या कुरणात वाऱ्याच्या वरच्या बाजूला दोन-तीन जू टांगले की भागतं. गोठ्यात मात्र शेजारच्या गायीचा मिथेन आणि तिचा ट्रेसरही हवेत असतो, आणि तिच्या नळकांड्याचा वेग वेगळा. वारा न खेळणाऱ्या गोठ्यात ही पद्धत वापरूच नये असं माझं मत. आणखी एक टोचणी: हा ट्रेसर स्वतःच तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारांहून अधिक पट जड आहे. गायीच्या मिथेनपुढे रोजचे ५ मिलिग्रॅम नगण्यच, पण नळकांडी भरताना सिलिंडर सैल ठेवलं तर त्या एका दुपारी वर्षभराची कमाई उडून जाते.

गोळ्यांचं आमिष, नाकाजवळची नळी, लेझर

ग्रीनफीडसारख्या यंत्रात गाय स्वतःहून डोकं घालते, कारण आत थोड्या थोड्या वेळाने खाद्याच्या गोळ्या पडतात. कानातल्या बिल्ल्यावरून तिची ओळख पटते, पंखा तिच्या डोक्याभोवतीची हवा ओढतो आणि तीन ते सात मिनिटांत ढेकरा नोंदल्या जातात. डोकं नीट आत होतं का हे एक सेन्सर पाहतो. दोन मिनिटांखालची किंवा डोकं बाहेर असलेली भेट मोजायची नाही. एका गायीची सरासरी भरवशाची व्हायला ३० च्या आसपास भेटी लागतात, आणि त्या दिवसा-रात्रीवर पसरलेल्या हव्यात. सगळ्या भेटी धारेनंतरच्या असतील तर तीसच्या तीन हजार केल्या तरी दिवसाचा आकडा मिळत नाही. म्हणून दोन भेटींमध्ये किमान काही तास जातील अशी वेळ यंत्रात बांधून द्यायची, आणि हिशेब करताना दिवसाचे चार-चार तासांचे सहा भाग पाडून आधी प्रत्येक भागाची सरासरी, मग सहांची सरासरी.

इथे बिघडतं ते फिल्टरवर. गोठ्यात धूळ आणि गोळ्यांचा चुरा असतो, फिल्टर तुंबतो, हवेचा प्रवाह उतरतो आणि डोक्याभोवतीचा थोडा श्वास बाहेर निसटतो. आकडा गुपचूप खाली येतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात नवीन खाद्य सुरू केलेलं असेल तर मग काय, आनंदीआनंद. प्रवाहाचा आलेख रोज पाहावा, आणि महिन्यातून एकदा तोललेल्या सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडून यंत्र किती पकडतं ते तपासावं. गोळ्यांचं वजन खाल्लेल्या चाऱ्यात धरायला विसरू नये. आणि कळपातल्या काही गायी तिकडे फिरकतच नाहीत. सरासरी ही धीट, खादाड गायींची असते.

दूध काढणाऱ्या रोबोटच्या गव्हाणीत नळी बसवून प्रत्येक धारेला श्वास तपासता येतो. हे स्वस्त, आणि शेकडो गायींची नोंद आपोआप होते. पण नाक नळीपासून एक वीत लांब गेलं की मिथेन निम्मा. त्यावर उपाय म्हणून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर घेतात आणि गायीचं वजन, दूध, गाभणपण यांवरून तिचा एकूण कार्बन डायऑक्साइड अंदाजतात. काटकसरी गाय त्याच दुधाला कमी कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे तिचं गुणोत्तर उगाच मोठं दिसतं. पैदाशीसाठी निवड करताना ही खोड चांगल्या गायींवर अन्याय करते.

हातातला लेझर मापक दोन-तीन मीटरवरून नाकपुडीवर धरतात. तो पीपीएम-मीटर दाखवतो, म्हणजे किरणाच्या वाटेतला सगळा मिथेन. वारा वाहता असेल तर वाचन ओसरतं, पाठीमागे दुसरी गाय असेल तर वाढतं. कुठली गाय जास्त, कुठली कमी एवढी क्रमवारी लावायला बरा. दिवसाचे ग्रॅम काढायला नको.

शेण आणि मूत

शेणाचा मिथेन जनावरावर कमी आणि साठवणीवर जास्त अवलंबून असतो. सूत्र असं: रोजचा सेंद्रिय घन भाग, गुणिले ३६५, गुणिले त्यातून जास्तीत जास्त किती घनमीटर मिथेन निघू शकतो ती मर्यादा, गुणिले ०.६७ किलो प्रति घनमीटर, गुणिले साठवणीचा टक्का, म्हणजे त्या मर्यादेपैकी प्रत्यक्षात किती मिथेन निघतो तो. जास्त दूध देणाऱ्या गायीसाठी ती मर्यादा किलोमागे ०.२४ घनमीटर धरतात. रोज ४ किलो सेंद्रिय घन भाग असेल तर वर्षाला २३५ किलो मिथेनची ताकद त्या शेणात आहे. ढिगात कोरडं ठेवलं आणि टक्का ४ धरला तर प्रत्यक्षात ९.४ किलो. तेच शेण पाण्याने धुऊन उष्ण हवेत उघड्या तलावात साठवलं आणि टक्का ७० धरला तर १६४ किलो, म्हणजे त्याच गायीच्या ढेकरांपेक्षा जास्त. पोटातला मिथेन दशांशापर्यंत मोजायचा आणि शेण कुठे जातं ते न विचारता टक्का घालायचा, असे अहवाल बरेच असतात.

गोठ्याच्या हिशेबातला दुसरा तापवणारा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड. तो मुख्यतः मुतातल्या नत्रातून येतो आणि मोजायला त्रासदायक, कारण तो ठिपक्याठिपक्यांनी येतो. जमिनीत पोलादी चौकट ५ ते १० सेंटीमीटर दाबून किमान एक दिवस तशीच ठेवायची, म्हणजे माती हलवल्यामुळे उडालेला वायू ओसरतो. मग वर झाकण लावून ०, २०, ४० आणि ६० मिनिटांनी सिरिंजने हवा काढायची. निर्वात केलेल्या १२ मिलिलिटरच्या बाटलीत २० मिलिलिटर भरतात ते मुद्दाम: आत दाब राहतो, आणि प्रयोगशाळेत सुई टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या मागे ढकलला गेला नाही तर बाटली वाटेत गळली हे तिथेच कळतं.

झाकणाची उंची २० सेंटीमीटर, आणि ४० मिनिटांत ३३६ पीपीबीवरून (अब्जामागे ३३६ भाग) ६३६ झाले असतील तर तासाला ४५० पीपीबी. २५ अंशांवर हे चौरस मीटरला तासाला सुमारे १०३ मायक्रोग्रॅम नत्र होतं. चौकट मातीच्या वर ५ सेंटीमीटर उरली असेल तर खरी उंची २५, आणि उत्तर पाव पटीने वाढतं. उंची चारही कोपऱ्यांवर, प्रत्येक वेळी मोजायची. साठाव्या मिनिटाला वाढ मंदावलेली दिसली तर सरळ रेषा ओढून कमी आकडा घेऊ नये. आत वायू साचल्याने मातीतून येणं कमी झालेलं असतं, सुरुवातीचा उतार खरा. नमुना सकाळी दहाच्या आसपास घेतात, कारण तेव्हाचं तापमान दिवसाच्या सरासरीजवळ असतं. पाऊस पडला की मात्र घड्याळ विसरून रोज जायचं; वर्षाचा बराचसा वायू त्या थोड्या दिवसांत निघून जातो.

कुरणात पडलेल्या नत्रापैकी किती नायट्रस ऑक्साइड होतो, याचा गायींसाठीचा गुणक २००६ मध्ये २ टक्के होता, २०१९ मध्ये तो ०.४ टक्क्यांवर आला. वर्षाला १०० किलो नत्र कुरणात पडत असेल तर जुन्या गुणकाने ३.१४ किलो नायट्रस ऑक्साइड, नव्याने ०.६३. गाय तीच, कुरण तेच.

टनात रूपांतर

शेवटी सगळं कार्बन डायऑक्साइडच्या टनांत आणतात आणि तिथे गोंधळाची शेवटची संधी असते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनचा गुणक, म्हणजे तो कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा, आयपीसीसीच्या चौथ्या अहवालात २५, पाचव्यात २८, सहाव्यात जनावरांच्या मिथेनसाठी २७. नायट्रस ऑक्साइडचा अनुक्रमे २९८, २६५, २७३. आपल्या ११८ किलोंचे मग २.९५, ३.३० किंवा ३.१९ टन होतात. वीस वर्षांचा हिशेब धरला तर ९.४ टन. गायीने श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड यात धरत नाहीत. तो चाऱ्याने नुकताच हवेतून घेतलेला असतो.

लिटरमागचा आकडा देताना दूध आधी एकाच प्रतीला आणायचं: किलो गुणिले (०.१२२६ गुणिले स्निग्धांश टक्के, अधिक ०.०७७६ गुणिले प्रथिन टक्के, अधिक ०.२५३४). नाहीतर पातळ दूध देणारी गाय उगाच पुण्यवान ठरते. भाकड दिवसांचा आणि कालवडी वाढवतानाचा मिथेनही त्याच दुधावर चढवायचा.

माणसामुळे होणाऱ्या जगातल्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा किती, याचे एफएओचे (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे) दोन आकडे नेहमी शेजारी ठेवले जातात: २०१३ चा १४.५ टक्के, ७.१ अब्ज टनांचा, आणि २०२३ चा १२ टक्के, ६.२ अब्ज टनांचा. पहिला २००५ सालासाठी, दुसरा २०१५ सालासाठी, आणि मधल्या काळात मॉडेल, माहिती आणि गुणक तिन्ही बदललेले. त्यांची वजाबाकी करून ‘पशुपालनाचं उत्सर्जन घटलं’ असं म्हणता येत नाही. आपल्या गोठ्याचा जुना अहवाल ताडून पाहायचा असेल तरी हेच: टन बाजूला ठेवून त्यात मूळ किलो मिथेन, खाल्लेला शुष्क पदार्थ आणि शेणाच्या साठवणीचा प्रकार कुठे लिहिलाय का ते शोधावं. तिन्ही सापडले तर आजच्या गुणकांनी गणित नव्याने करावं. नाही सापडले, तर तुलना सोडून द्यावी आणि यंदापासून ते तीन रकाने वहीत आखावेत.